तिरक्या बोटीतलं तेल

कसं सांगू तुम्हाला! त्या दिवशी रामदास एकदा खोकला की तीनदा, हे मला आजही नीट आठवत नाही. आमची ही म्हणते, तीनदा. मला तर एकदाही ऐकू आल्याचं आठवत नाही. आणि माझ्या फजितीचं मूळ नेमकं त्या खोकल्यात आहे!

रामदास खानवेलचा, माझा जुना विद्यार्थी. दुधनीच्या तळ्यावर त्याने नवी बोट घेतली होती. त्या दिवशी अकरा वाजता तपासणीचे साहेब येणार होते. त्यांनी पास केली तर दुसऱ्या दिवसापासून पर्यटक, नाहीतर सगळा हंगाम काठावर बसून. म्हणून त्याने मोठ्या मानाने आम्हा दोघांना बोलावलं होतं.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. गॅस बंद केलाय ना, हे बघायला मी आमलीच्या चौकातून दोनदा घरी परत जातो. बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "रामदास, इंजिनात तेल आहे ना रे?"

"सकाळीच बघितलं सर. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन घेऊ नको? मी? विज्ञानात पीएच.डी. केलेला माणूस? "तू जॅकेटं मोज. तेल मी बघतो."

इंजिनाच्या पुढच्या अंगाला तेल मोजायची सळई असते. ती काढली, रुमालाने पुसली, परत घातली, परत काढली. सगळं शास्त्रशुद्ध! तेल खालच्या खुणेच्याही खाली!

"बघ! मी नसतो तर?"

रामदास खोकला असावा.

मी डब्यातलं तेल ओतलं. जरा थांबलो, मोजलं. अजून कमीच. परत ओतलं. साहेब येणार, इंजिन जळणार, पोराचा हंगाम जाणार!

"सर, जरा..."

"मध्ये बोलू नकोस! माझं लक्ष विचलित होतं."

शेवटी तेल वरच्या खुणेला बरोब्बर टेकलं. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. ही निवांत थर्मासमधला चहा ओतत होती.

साहेब आले. रामदासने बोट पाण्यात ढकलली आणि इंजिन सुरू केलं. आणि धूर! असा निळा धूर की साहेब दिसेनात, फक्त त्यांचा आवाज येत होता, "बंद कर! अरे, बंद कर!"

सळई काढली तर तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. हे कसं झालं? मग बघितलं, बोट आता सपाट उभी होती. मघाशी तिचं नाक काठावर चढवलेलं होतं. सगळं तेल मागे सरकलेलं, आणि मी पुढे मोजत होतो! भांडं कसंही कलंडलं तरी द्रव आपली पातळी सोडत नाही, हे आठवीत मी किती वर्षं शिकवलं असेल?

"चार वाजता येतो," साहेब डोळे पुसत म्हणाले. "धूर दिसला तर पास नाही."

मग आम्ही हाताने चालवायच्या छोट्या पंपाने तेल उपसलं. डब्याच्या चिंचोळ्या तोंडात नळी जाईना, दुसरं भांडं नव्हतं. हिने उरलेला चहा ओतून टाकला आणि थर्मास पुढे केला. तो ओतलेला चहा मी अजून विसरलेलो नाही! चारला धूर नव्हता. बोट पास झाली.

बऱ्याच वर्षांनी धीर करून रामदासला विचारलं, "तुला कळत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तीनदा खोकलो की सर."

"तोंडाने सांगायचं!"

"आठवीत सांगितलं होतं. फळ्यावर तुम्ही तिरक्या बाटलीतलं पाणीपण तिरकं काढलंत. मी म्हटलं, सर, पाणी सरळ राहतं. मध्ये बोललो म्हणून बाकावर उभं केलंत."

मी? शक्यच नाही! घरी येऊन, शाळेत त्याच्या बाकावर बसणाऱ्या सुरंगी गावच्या मित्राला फोन लावला.

"खरं आहे सर," तो म्हणाला. "नंतर तुम्ही गुपचूप चित्र पुसून पाणी सरळ काढलंत. त्याला खाली बसवायचं तेवढं विसरलात."