केळीचे चार खुंट

गावात कुणाकडं सत्यनारायण निघाला की माझ्या कपाळावर आठी चढते. मी नास्तिक नाही. पण पूजेच्या चौरंगाला चार बाजूंनी केळीचे चार खुंट बांधावे लागतात, आणि बालाघाटाच्या माळावरच्या आमच्या गावात केळी आहे ती फक्त आमच्या वीस गुंठ्यांत. बाकी सगळं सोयाबीन आणि ऊस.

ही केळी मी लावली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. नोकरी लागली नाही म्हणून पोरगी रानात आली, असं लोक म्हणतात. म्हणोत. ठिबकच्या नळ्या मी अंथरल्या, माळावरच्या वाऱ्यानं झाडं आडवी होऊ नयेत म्हणून बांबूचे टेकू मी दिले.

केळीच्या बुडाशी पाच-सहा पिलं फुटतात. सगळी वाढू दिली तर एकही घड धड येत नाही. म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी विळा घेऊन ती छाटायची आणि प्रत्येक झाडाला एकच पिलू राखायचं. मोठं झाड घड देऊन गेलं की पुढचं पीक त्या एकावर. ते गेलं की जागा रिकामी. तिथं नवं रोप लावलं तरी शेजारच्या सावलीत खुरटून बसतं. आणि नेमकं हे राखलेलं पिलूच कंबरेएवढं, हिरवंगार, चौरंगाला शोभेल असं असतं. मागणाऱ्याचा हात बरोबर तिथंच जातो.

मागचा अख्खा श्रावण हेच चाललं. माझे वडील, अण्णा, कुणाला नाही म्हणत नाहीत. गाव त्यांना दिलदार म्हणतं. दिलदारी त्यांची, कंबर माझी मोडते. यंदा मी सांगून टाकलं, घड उतरवलेलं झाड न्या, पानं न्या, राखलेल्या पिलाला हात लावायचा नाही.

अण्णांचे थोरले भाऊ, तात्या, नव्या घराच्या पूजेसाठी खुंट मागायला आले.

"घड उतरवलेलं झाड देते, तात्या," मी म्हणाले.

"ते काय चौरंगाला बांधू का छपराला?"

"मग कळंबच्या बाजारात मिळतात."

"घरची बाग असून इकत आणू? चार बुकं शिकलीस अन् देवाला न्हाय म्हणायला लागलीस व्हय?"

"देव मागायला आला असता तर दिले असते. तुम्ही आलात."

चहा तसाच टाकून ते उठले.

दुसऱ्या दिवशी मी खत आणायला कळंबला गेले. परत आले तर पहिल्या ओळीतली चार पिलं बुडापासून कापलेली. एका घावात, साफ. आमच्या घरात असा विळा एकच माणूस चालवतो.

"अण्णा, तुम्ही कापली?"

"भाऊ हाय माझा. चारनं काय बाग उजाड हुती का?"

"तात्यांना चार. मग गावाला चाळीस."

"लई बोलायलीस."

पूजेला मी मुद्दाम गेले. माझी चारही पिलं चौरंगाला बांधलेली, पानं मलूल. काकीनं शिऱ्याचा द्रोण पुढं केला. प्रसाद नाकारणाऱ्याचं वाटोळं होतं, हे सगळ्यांनी नुकतंच कथेत ऐकलेलं. मी हात मागं घेतला.

"नको, काकी. नाही म्हटल्यावरही नेलेल्या खुंटांमधला प्रसाद मला पचायचा नाही."

तात्या ओरडले, "हिला बाहेर काढा!" त्यांना तेवढेही कष्ट नकोत म्हणून मी स्वतःच निघाले.

तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. पुढं पावसाची झड लागली, केळीच्या पानांवर करपा पडला, आणि गाव खूश झालं. देवानं दाखवलं म्हणे. मी रोगट पानं कापली, फवारण्या केल्या, करपा आटोक्यात आला. मग मात्र देवाचं नाव कुणी काढलं नाही.

परवा भावकीतली एक बाई दारात आली. "अण्णा, उद्या सत्यनारायण हाय. चार खुंट द्या की."

ओट्यावर बसलेल्या अण्णांनी वर पाहिलं नाही. मला आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मालकीण आत बसलीय. तिला इचारा."

आवाजात जहर होतं. असू दे. मी बाहेर आले आणि नाही म्हणाले.