उघडं दार

बाहेर बर्फ पडत होता. लाओसमधून निर्वासित होऊन अमेरिकेत आलेल्या ह्मोंग कुटुंबातली यिंग नवऱ्याच्या माराला भिऊन आमच्या आधारकेंद्रात आली. मी मेली थंडीची भित्री, पटकन दार लावलं.

"उघड ते," केंद्रातल्या ह्मोंग आजी म्हणाल्या. "अजून सगळी आली नाही ती."

घाबरलेल्या माणसाचा आत्मा मागेच राहतो, असं त्यांच्यात मानतात. भाताची वाटी आणि अंडं घेऊन आजी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गात गात यिंगच्या आत्म्याला नावानं बोलावू लागल्या. माणूस आत आलं की आलंच, असं आपण किती सहज धरून चालतो!

शेवटी, आलेला आत्मा पुन्हा जाऊ नये म्हणून आजींनी तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि दार लावलं.

तेव्हा कुठे यिंगनं अंगातला कोट काढला.