एक बाही बाकी

लढाईच्या दिवसांत इंदिरानगरचं आमचं घर विमानांच्या तळाला इतकं खेटून होतं, की विमान उठलं की ताटातल्या इडल्याही उठायच्या. एक तर शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडली. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. आता ते हयात नाहीत, हा माझा दोष नव्हे.

कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्या इस्त्रीवाल्याला सगळे नुसतं अण्णा म्हणायचे. वैमानिकांचे शर्ट त्याच्याकडे यायचे. ज्याचं विमान आकाशात, त्याच्या शर्टाची एक बाही तो चुरगळलेलीच ठेवायचा. “काम बाकी असलं की माणूस परत येतो, पुट्टी,” मला सांगायचा; पुट्टी म्हणजे कानडीत चिमुरडी. विमान उतरलं की बाही पुरी.

एकदा चार विमानं गेली आणि तीनच आली. दुपारभर तो गाडीभोवती येरझारा घालत होता. इस्त्री उचलायचा, ठेवायचा, उगाच निखारे फुंकायचा. मला बघवेना. मी ठोकून दिलं, “अण्णा, चौथं मागच्या बाजूनं उतरलं! वैमानिकानं मला हातसुद्धा केला!”

“सरी,” म्हणजे बरं, एवढंच तो म्हणाला. बाहीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तोच गिऱ्हाइकांना सांगत होता, “चौथं उतरलं. ह्या पोरीनं बघितलं. दोन्ही हात केले म्हणे त्यानं.”

चौथं कधीच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी थाप कुणीतरी वाढवून सांगत होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.