कमी तो आकडा खरा

नाना गेल्याचं मला गिरणीच्या फाटकाशी कळलं. कल्याणहून येणारा आमच्या खात्यातला एकजण म्हणाला, "तुझे ते घारवाले मास्तर गेले रे. सकाळीच नेलं त्यांना." म्हणजे मला खांदासुद्धा देता आला नाही... भाद्रपद संपत आला होता. थोड्याच दिवसांत पाखरं यायला लागणार होती.

जतकडून मी इकडे गिरणीत आलो तेव्हा चौथीतून शाळा सुटलेली, ओळख कुणाची नाही, आणि काम सुटलं तर कुठे जायचं ही धास्ती सदा पोटात. नाना कल्याणच्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर. त्यांनी आणि काकूंनी घराच्या मागच्या खोलीत मला ठेवून घेतलं; गिरणीजवळ मी बिऱ्हाड केलं ते पुष्कळ पुढे. जात विचारली नाही, मागितली ती फक्त सुटीची सकाळ. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत उत्तरेकडून शिकारी पाखरं येतात, ससाणे, भोवत्या, एखादा गरुड. दव वाळून ऊन तापलं की मुंब्र्याच्या डोंगरावर गोल गोल घिरट्या घेत उंच चढतात आणि मग पंखही न हलवता दक्षिणेला सरकत जातात. ती मोजायची. उजव्या खिशात चिंचोके भरायचे, दहा पाखरं गेली की एक डाव्या खिशात. नाना एका खडकावर, मी दुसऱ्यावर, मध्ये बोलायचं नाही. खाली उतरलं की दोघांनी आपापला डावा खिसा रुमालावर ओतायचा. ज्याचे चिंचोके कमी, त्याचा आकडा खरा. पहिल्याच दिवशी माझे जास्त निघाले आणि मला वाटलं, खोली गेली. नाना हसले. "अरे, जास्त दिसणं हा काय गुन्हा आहे? पण छापायला द्यायचं ते कमीच."

हे आकडे ते दरवर्षी मुंबईच्या एका पक्षीमंडळाकडे पाठवत, आणि ते छापूनही येत. एका वर्षी तिथले एक मोठे गृहस्थ स्वतः डोंगरावर आले. दुर्बीण, थर्मास, सगळा थाट. त्या दिवशी थवाही मोठा आला. खाली उतरल्यावर त्यांनी नुसत्या अंदाजाने जो आकडा सांगितला, तो आमच्या दोघांच्याही कितीतरी वर. नाना मान हलवायला लागले तसे ते म्हणाले, "अहो मास्तर, पाखरं काय रॉकेल आहेत, रेशनवर मोजून द्यायला?" आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. "न पाहिलेलं पाखरू माझ्या नावावर नको," एवढंच म्हणाले.

छापून आला तो त्या गृहस्थांचाच आकडा, आणि खाली नाव नानांचं. दुरुस्ती करा म्हणून नानांनी पत्र टाकलं, मग आणखी एक. उत्तर नाही. पुढे त्यांचा कुठल्याच वर्षीचा आकडा छापला गेला नाही. तरी ते डोंगर चढत राहिले आणि दुपारी पोस्टमनची वाट बघत राहिले. काकू म्हणायच्या, "आता कोण विचारतंय तुम्हाला? गुडघे तरी सांभाळा." ते उत्तर आलं असतं तर नाना सुखाने गेले असते, असं मला वाटतं. आलं नाही.

शोकसभेला तेच गृहस्थ होते. नाना म्हणजे आमच्या मंडळाचे डोळे, असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. नंतर ते काकूंजवळ येऊन वाकले, तेव्हा काकूंनी विचारलं, "तो आकडा दुरुस्त केलात का?"

"कुठला आकडा?" गृहस्थ म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं... ज्याच्यापायी नानांची शेवटची वर्षं कडू झाली, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

काकूंनी नानांचा खाकी कोट मला दिला. उजव्या खिशात चिंचोके तसेच होते. परवाच्या रविवारी तो घालून मी एकटाच वर गेलो. थवा आला. ऊन कलेपर्यंत मोजलं, खाली उतरलो, रुमाल पसरून डावा खिसा ओतला आणि सवयीने समोर पाहिलं. दुसरा ढीग नव्हता. कमी कुणाचे, हे ठरवायचं कसं? नानांच्या नियमाने माझा एकट्याचा आकडा खरा धरता येत नाही. म्हणून तो इथे लिहीत नाही. चिंचोके गोळा केले आणि परत उजव्या खिशात भरले.