आमची आढी नासली ते वर्ष

अक्षयतृतीया दुसऱ्या दिवसावर आलेली आणि पार्ल्याच्या आमच्या घरात आंब्यांची आढी नासली… अख्खी. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, म्हणजे पंचावन्न-छप्पन साल असेल.

आढी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जमिनीवर भाताचा कोरडा पेंढा, त्यावर कच्चे आंबे एकमेकांना न रेटता मांडलेले, वर पुन्हा पेंढा आणि गोणपाट. रोज हात घालून चाचपायचं आणि डागी आंबा दिसला की लगेच बाहेर काढायचा… बस, एवढंच. पण ते रोज करायचं.

आई रत्नागिरीकडची. घरात तिचं फारसं काही चालायचं नाही, सगळा कारभार आत्याचा… आत्या म्हणजे वडिलांची मोठी विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची. आढी मात्र आईची. शेजारणी तिला विचारायला यायच्या आणि तेवढे आठ-दहा दिवस आई जरा ताठ मानेने वावरायची.

आजोबा आदल्या वर्षी गेले होते. आमच्यात अक्षयतृतीयेला पितरांना आंबा वाढल्याशिवाय घरात कोणी खात नाही, त्यामुळे त्या वर्षीचा पहिला आंबा आजोबांचा. गावाहून करंडी आली, आईने बाहेरच्या खोलीत आढी लावली… आणि तिसऱ्या दिवशी ती बाजूला बसली.

म्हणजे पाळी. चार दिवस त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात चटईवर बसायचं, कशाला शिवायचं नाही. विटाळाने आंबा नासतो यावर आत्या ठाम होती. तिला स्वतःला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसे, म्हणून आढी बघायचं काम माझ्यावर आलं.

पहिल्याच दिवशी माझी बोटं एका मऊ आंब्यात रुतली. चिकट पाणी, आंबूस वास… मला शिसारी आली. तो आंबा काढून टाकायचा, तर मी पेंढा तसाच वर ढकलला आणि हात धुऊन खेळायला पळाले.

नंतर मी हातच घातला नाही. संध्याकाळी आई कोपऱ्यातून विचारायची, "शकू, बघितलेस ना गं सगळे?" मी म्हणायची, "हो, छान आहेत." चार दिवस हेच… शेवटी-शेवटी तर खोटं बोलतोय असंही वाटेनासं झालं. खोलीभर वास सुटला तर आत्या खूश, म्हणाली पिकले वाटतं.

पाचव्या दिवशी आई न्हाली आणि हौसेने आढी उघडायला बसली. गोणपाट उचललं आणि चिलटांचा थवा उठला. पेंढा भिजून काळा पडला होता… वरवर धड दिसत होते तेही देठाशी सडलेले. एकही आंबा पानात वाढण्यासारखा उरला नव्हता.

आत्या ओरडली नाही. तिने हळू आवाजात विचारलं, "शिवलीस ना तू? खरं सांग."

आई म्हणाली, "वन्सं, परवा गोणपाट सरकलं होतं. आंब्यांवर ऊन येत होतं हो… मी पायाने जरासं ओढून घेतलं. हात नाही लावला."

"पाय तुझाच ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे… एखादी खात्री करून घ्यावी तसं. "शकू, तू रोज बघत होतीस ना गं?"

मी आत्याकडे बघितलं. तिचा हात फार लागायचा. मी म्हटलं, "हो."

"मग माझ्यामुळेच," आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. सगळा चिखल तिने एकटीने भरून बाहेर नेला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी बाजारातून एक आंबा आणला, तो आजोबांच्या पानात वाढला. आत्या त्या पानाकडे बघायला तयार नव्हती.

त्यानंतर आईने आढी लावली नाही. शेजारणी विचारायला यायच्या, त्या हळूहळू यायच्या बंद झाल्या. मला वाटायचं आत्याने बंदी केलीय… कुठलं! पुढे आत्या गेली. एका मे महिन्यात आई माझ्याकडे राहायला आलेली असताना माझ्या सासरी गावाहून आंब्यांची पेटी आली, तेव्हा मीच तिला म्हटलं, आता कोण बोलणार आहे, लाव की.

"नको बाई," ती म्हणाली. "माझ्या पायाने एकदा नासलीय. तुझ्या घरात नको."

मी तेव्हा दोन मुलांची आई होते. घरात आम्ही दोघीच होतो, मारायला कोणी नव्हतं… एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा टाकायला उठले.

आईला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मी खोटं बोलले असेन हे तिच्या मनाला कधी शिवलंसुद्धा नाही… स्वतःवर नव्हता तेवढा तिचा माझ्यावर विश्वास. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. आज लिहिते आहे.

आई, तुझ्या पायाने काही नासलं नव्हतं गं.