डायलचं कुलूप

आमच्या घरातल्या फोनला कुलूप होतं. काळा, जड, सरकारी फोन. डायलच्या भोकात अडकवलेलं इवलंसं पितळी कुलूप, आणि त्याची किल्ली बाबांच्या खिशात. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, साताऱ्याहून बदली होऊन चंदीगडला आलेले. फोन ऑफिसच्या कामासाठी आहे, तुमच्या गप्पांसाठी नाही, असं ते म्हणत आणि रोज सकाळी किल्ली घेऊन सतरा सेक्टरला ऑफिसात जात.

कुलपावरचा उपाय मला वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने शिकवला. रिसीव्हर उचलायचा आणि तो जिथे ठेवतात तिथलं बटण बोटाने दाबायचं. तीन हवा असेल तर तीनदा, सात हवा असेल तर सातदा, शून्याला दहादा. मध्ये जरा थांबायचं. डायलला हातही न लावता नंबर लागायचा. "सरकारी कुलूप आहे यार, दिखाव्यासाठी असतं," ती म्हणायची. आम्ही दोघी बी.एड.ला होतो. निकाल लागला का, उद्या कॉलेज आहे की बंद, अशा फुटकळ चौकशा आम्ही टकटक करून करायचो. तिच्या घरी फोन नव्हता.

हे कुलूप माझ्या मनावर तीस वर्षांहून जास्त बसून आहे. आता सांगून टाकते.

पंजाबातले ते दिवस वाईट होते. बस थांबवून माणसं मारल्याच्या बातम्या यायच्या. आम्हाला सरावाचे पाठ घ्यायला चंदीगडबाहेर खरड गावातल्या एका शाळेत जावं लागे, बसनेच. कॉलेजातल्या मुलींनी पर्समध्ये नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे काही झालंच तर घरी कळवता येईल. एकविसाव्या वर्षी आम्ही आपल्या मढ्याचा पत्ता लिहीत होतो आणि त्यावरून हसतही होतो. स्मशान पंचवीस सेक्टरला, म्हणून परीक्षेत नापास होणाऱ्यालाही आम्ही "गेला पंचवीसला" म्हणायचो.

त्याच हिवाळ्यात कॉलेजात नेत्रदानाचे फॉर्म आले. आम्ही ते घेऊन गच्चीवर उन्हात बसलो. पुढ्यात शेंगदाण्यांचा ढीग.

"डोळे दिले, ठीक," ती म्हणाली. "बाकीचं? माझी राख कीरतपूरला सतलजमध्ये. तुझी?"

आमच्या घरात आजवर गेलेल्या सगळ्यांच्या अस्थी कृष्णेत, माहुलीच्या संगमावर. "साताऱ्याला न्यावी लागेल," मी म्हटलं.

"दोन दिवस गाडीत? मांडीवर मडकं घेऊन? मी नाही नेणार हं."

"राखेला रिझर्व्हेशन लागत नाही."

"पण मला लागतं ना."

पलीकडे तिचे आजोबा, दारजी, न्हाऊन केस वाळवत बसले होते. लांब, पांढरे, पाठीवर पसरलेले. आमचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही असा आमचा समज होता.

"तुम्ही दोघी नशीबवान आहात," ते म्हणाले. "कुठली नदी, ते तरी निवडताय."

फाळणीत ते लाहोरच्या बाजूने चालत आले होते, हे मला माहीत होतं. त्यांचे वडील वाटेत गेले आणि काफिला थांबला नाही, हे त्या दिवशी कळलं. कपडासुद्धा घालता आला नाही अंगावर, एवढंच बोलले. मग त्यांनी फॉर्मसाठी हात पुढे केला.

"केसांना हात लावतात का, पुत्तर?"

"नाही दारजी. फक्त डोळे."

"आणि पगडी?"

मला हे माहीत नव्हतं. तरी मी नाही म्हटलं.

"मग लिही. माझे हात कापतात."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात. खाली साक्षीदार म्हणून सहीही माझीच. एका रकान्यात कळवणाऱ्याचा फोन नंबर हवा होता, तिथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा तासांच्या आत कळवावं लागतं, असं फॉर्मवरच छापलेलं होतं. "तू करशील ना फोन?" त्यांनी विचारलं. मी "पक्का, दारजी" म्हटलं आणि आमचा नंबर घातला. कोरं कार्ड आलं, त्यावर नाव-नंबरही मीच लिहिले, आणि ते त्यांनी चष्म्याच्या घरात, चष्म्याखाली ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी पोलिसांनी मैत्रिणीच्या भावाला चौकशीला नेलं. दोन दिवसांनी सोडलं. त्याच्याकडे काहीच सापडलं नव्हतं, सापडण्यासारखं नव्हतंच. पण आमच्या ब्लॉकमधल्या लोकांनी जिना चढणं बंद केलं. भावाला घरच्यांनी जम्मूला मामाकडे पाठवून दिलं. आणि बाबा एके दिवशी जेवताना म्हणाले, "वरच्यांसाठी आपल्या फोनवरून फोन नकोत. सरकारी फोन आहे. कुठे काय नोंद होईल सांगता येत नाही." मी मान हलवली. आई मात्र रोज दुपारी पूर्वीसारखीच वर जात राहिली.

दारजी गेले त्या दिवशी कर्फ्यू होता. मैत्रिणीचे वडील गावी गेलेले, बस बंद म्हणून तिकडेच अडकलेले. घरात त्या तिघीच: ती, तिची आई आणि आजी, म्हणजे बीजी. सकाळी नऊच्या सुमारास वरून रडण्याचा आवाज आला. आई हातातलं पीठ तसंच ठेवून वर धावली. बाबा पास घेऊन आधीच ऑफिसात गेलेले. घरात मी एकटी.

थोड्या वेळाने मैत्रीण खाली आली. पायात चप्पल नव्हती. हातात ते चष्म्याचं घर.

"फोन करायचाय," ती म्हणाली.

मी दारात उभी होते. माझ्या मागे, तिला दिसेल असा, फोन.

"कुलूप आहे," मी म्हटलं. "किल्ली बाबांकडे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच तो मला इतकी वर्षं गिळता आला नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. मग परत माझ्याकडे. मला वाटलं, ती आता आत येईल आणि स्वतःच टकटक करेल, आणि मी अडवणार नाही. ती "अच्छा" म्हणाली आणि वळली.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. रिकाम्या रस्त्याच्या मधोमध, पांढरी ओढणी हातात उंच धरून, ती अनवाणी चालत निघाली होती. कोपऱ्यावरच्या जवानाने बंदूक रोखली. ती थांबली, चष्म्याच्या घरातून कार्ड काढून दाखवलं. तो वाचत राहिला. कार्डावरचं अक्षर माझं होतं. मग त्याने दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली, वायरलेसवर बोलणं झालं, आणि जीप तिला घेऊन गेली. ती परत येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. परत आली नसती तर काय, हा विचार आजही पुरता करवत नाही.

ती आली दवाखान्याच्या गाडीतून, दोन डॉक्टरांसोबत. सहा तास व्हायला बराच अवकाश होता. अर्ध्या तासात ते गेले. पगडी काढावी लागली नाही. हे मला आईने सांगितलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

संध्याकाळी बाबा आले. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "एवढ्यासाठी पोरगी कर्फ्यूत गेली? आपल्याकडून फोन करायचा ना."

"कुलूप होतं," मी म्हटलं.

"तुम्ही टकटक करता ते मला काय ठाऊक नाही?"

"तुम्हीच म्हणाला होता, वरच्यांसाठी नको."

"अगं, ही गोष्ट निराळी." मग "मी तसं सांगायला हवं होतं," असंही म्हणाले. पण मी विचारायला हवं होतं, हे त्यांच्याइतकंच मलाही कळत होतं.

भोगाच्या दिवशी, म्हणजे दारजींसाठी ठेवलेला पाठ संपला तेव्हा, बीजींनी वाटीभर कडाह प्रसाद, कणकेचा शिरा, खाली पाठवला. घेऊन तीच आली. "दोन जणांना दिसणार आहे म्हणे," तिने सांगितलं, आणि नेहमीसारखी माझ्या पलंगावर बसून राहिली. आठवडाभराने आम्ही पुन्हा एकत्र बसने खरडला जाऊ लागलो. त्या विषयावर तिने अवाक्षर काढलं नाही. मी तर नाहीच नाही. पुढच्या वर्षी बाबांची बदली झाली. स्टेशनवर तिने पराठ्यांचा डबा दिला. दिवाळीला पत्रं, पुढे फोन, पुढे व्हॉट्सॲप. मैत्री तिने टिकवली. मी फक्त उत्तरं देत गेले.

बाबा साताऱ्यात गेले तेव्हा नेत्रपेढीला फोन मी केला, अर्ध्या तासाच्या आत. फॉर्म त्यांनी स्वतःहून भरला होता. कधी, ते मला कळलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी चंदीगडला गेले. ती आता विमानतळाजवळच्या एयरोसिटीत राहते, मुलं कॅनडात. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवावं लागतं. ती मेथी निवडत होती आणि मी सगळं बोलले. कुलूप, किल्ली, भीती. मध्ये दोन विमानं गेली, तेवढं थांबले.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "टकटक तुला शिकवली कुणी?"

"मग बोलली का नाहीस?"

"रागावले होते. आठवडाभर. मग राग ठेवायला जागाच राहिली नाही. तुझी आई सकाळपासून बीजींना धरून बसली होती. पाणीसुद्धा तिने पाजलं त्यांना." तिने एक काडी बाजूला टाकली. "आणि तुला ठाऊक नाही, तुझ्याआधी मी समोरच्या दोन घरी गेले होते. फोन होते त्यांच्याकडे. आतून आवाज येत होते, दार नाही उघडलं कुणी. तू उघडलंस."

"नुसतं उघडून काय उपयोग?"

"उपयोग नाही झाला," ती सरळ म्हणाली. "पण मला ते आठवतं."

मला हे कमी वाटतं, अजूनही. पण तिला ते इतकी वर्षं पुरलं, आणि तिच्या त्या पुरण्यावर माझी मैत्रीण मला राहिली. यासाठी कुणाचे आभार मानायचे मला कळत नाही. तिचे मानले तर ती चिडते.

मग ती उठली आणि पर्समधून एक कार्ड घेऊन आली. तिचं स्वतःचं, नेत्रदानाचं, कडा मऊ पडलेल्या. कळवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं आणि आमच्या साताऱ्याच्या घराचा जुना नंबर.

"हा केव्हाचा?"

"बरीच वर्षं झाली. मुलं तिकडे झोपलेली असतात आपल्या दिवसा. कुणाला लिहू?"

"हा फोन तर बंद झाला. आणि मी साताऱ्याहून काय करणार?"

"मी गेले की शेजारीण तुला सांगेल, तू इथल्या दवाखान्याला सांगशील. साताऱ्याहून लागत नाही का फोन?" तिने पेन पुढे केलं. "नवा लिही."

मी जुना नंबर खोडून माझा मोबाइल नंबर लिहिला. तिने चष्मा वर सरकवून एकेक आकडा तपासला.

"याला कुलूप नाही ना?"

"आहे," मी म्हटलं. "किल्ली माझ्याकडेच असते."

"पक्का?"

"पक्का."

तिने कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.