यमुनाबाईंचा राहून गेलेला कागद

यमुनाबाई उद्याचं काम आजच उरकणाऱ्या. नवरात्रातल्या ब्लाउजांचं कापड त्यांना श्रावणातच हातात हवं असे. उशिरा येणारीला, मग ती नात्यातली का असेना, "आता जा बाजारात" म्हणून परत पाठवायच्या. अशी बाई मृत्युपत्र न करता गेली, कारण आम्ही तिला ते करू दिलं नाही. आम्ही म्हणजे मीसुद्धा, अल्पना, त्यांची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण.

देवासातल्या त्यांच्या दोन खोल्या शिलाईच्या पैशातून उभ्या राहिलेल्या, त्यांच्याच नावावर. नवरा केव्हाच गेला. थोरला कुशल सतवासच्या रस्त्यावर अपघातात गेला, मूलबाळ नाही. त्याची बायको गुंजन सासूपाशीच राहिली, तिच्याच मशीनवर शिवायला शिकली. धाकटा पीयूष इंदूरला नोकरीला.

फाल्गुनात यमुनाबाईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पीयूषला बाहेर बोलावून सहा महिने सांगितले. तो दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला आणि म्हणाला, "आईला कोणी सांगायचं नाही. खचून जाईल ती." त्याचं रडणं खोटं नव्हतं, तेच तर जास्त जाळतं.

मग काय, सगळे लागलो थापा मारायला. साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल. आमच्याकडे याला माया म्हणतात. गुंजन तर असं हसून सांगायची, की मलाही घटकाभर खरं वाटायचं.

ज्येष्ठात यमुनाबाई मला म्हणाल्या, "तुझ्या ओळखीचा वकील आहे ना? खोल्या गुंजनच्या नावानं लिहून ठेवते. नाहीतर पोरीला कायद्यानं इथली वीटही मिळायची नाही. मी विचारून घेतलंय."

गुंजन दारात चहा घेऊन उभी होती. तिनं मला खुणेनंच नको म्हटलं. मागून ओट्यावर गाठून म्हणाली, "काकू, वसीयत का नाम मत लो. आईंना शक होईल, हाय खातील त्या."

अगं बये, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस, असं म्हणायला हवं होतं मी. नाही म्हटलं. आत जाऊन यमुनाबाईंना सांगितलं, "घाई काय आहे? बऱ्या व्हा, मग दोघी जाऊ रिक्षानं."

"बरं, मग दसऱ्याला," त्या म्हणाल्या. खरं कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी एकट्या गेल्या असत्या. श्रावणातच त्या गेल्या.

तेराव्याची जेवणं झाल्यावर पीयूष गुंजनसमोर बसला. इंदूरच्या फ्लॅटसाठी त्याला या खोल्या विकायच्या होत्या. आवाज अगदी मऊ. "वहिनी, घाई काय आहे? दिवाळीपर्यंत आरामात राहा. मशीन तुम्हीच न्या."

गुंजन माझ्याकडे बघत राहिली, काकू काहीतरी बोलतील म्हणून. माझी जीभ शिवशिवत होती. पण त्याच्या तोंडात माझंच वाक्य होतं. मी खाली बसून उष्टी पानं उचलायला लागले.